लादीवर पाय देऊ नका

नौपाड्यातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक लादी हलते. तिच्यावर पाय पडला की खट् वाजतं, शेजारचं कपाट शहारतं, कपाटावरचा रेकॉर्ड प्लेअर शहारतो आणि पिन टुणकन दोन ओळी पुढे जाऊन पडते. लादी बसवून घ्यायला फार तर अर्धा तास लागेल. पण आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. गेली अकरा वर्षं ती जाणार आहे. पाडायच्या घरात लादी कोण बसवतो? त्यामुळे गाणं लागलं की घरातली माणसं ओढा ओलांडावा तशी ती लादी ओलांडतात.

रेकॉर्ड वडिलांच्या. पिन उडू नये म्हणून ते तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचे. सरकारने २०११ साली चार आणे चलनातून काढले, आमच्याकडे ते अजून नोकरीत आहेत. लादीपुढे मात्र त्यांचंही काही चालत नाही.

माझा मेहुणा खारघरला राहतो. तो आणि सीडी दोघंही १९८२ सालचे, आणि दोघांनाही ओरखडा सोसत नाही. त्याच्याकडे एका छोट्या डबीत काही हजार गाणी आहेत, आणि एकाही गाण्यावर धूळ नाही. दर रविवारी तो येतो आणि आमचा वाद होतो.

"रेकॉर्डच्या आवाजात ऊब असते," मी म्हणतो.

"भावोजी, पंखा बंद करून बसल्यावर ऊब असणारच."

हे त्याचं बोलणं मनाला लागतं, कारण खरं आहे. आमच्या घरातलं वायरिंग इमारतीच्याच वयाचं. पंखा लावला की रेग्युलेटरची गुणगुण थेट अँप्लिफायरमध्ये शिरते. ती घालवायला वायरी हलवाव्यात तर अर्थिंगची वायर सैल होऊन पन्नास हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांचा, अखंड षड्ज लागतो, गाणं कुठल्याही पट्टीत असो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी आम्ही पंखा बंद, खिडक्या बंद (रस्त्यावर रिक्षा) अशा अवस्थेत सुगम संगीताचा आनंद घेतो. मुलगी याला 'बाबांचं सौना' म्हणते.

मेहुण्याकडे आकडे तयार असतात. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते. मी एकदा म्हणालो की म्हणजे तुकडेच झाले ना आवाजाचे, रेकॉर्डवर तो सलग असतो. त्यावर त्याने टिपॉयवरच्या वर्तमानपत्रावर लाटा काढल्या. माणसाला ऐकू येतं जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्‌झपर्यंत. त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं की मूळची लाट जशीच्या तशी परत काढता येते, पायऱ्या राहत नाहीत. "आणि तुमच्या रेकॉर्डवर तर खर्ज मुद्दाम दाबून कोरलेला असतो. नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला दोनच गाणी मावतील. तो खर्ज अँप्लिफायर परत फुगवतो. ती तुमची ऊब." वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मी अजून सोडवलेलं नव्हतं, ते या लाटांखाली गेलं.

वीस हजारांचा विषय निघालाच म्हणून त्याने मोबाइलवर शिट्ट्या वाजवायला घेतल्या. आठ हजार, ऐकू आलं. दहा हजार, आलं. पुढे बराच वेळ शांतता. मी म्हटलं, "लाव की रे." तर मुलगी दोन्ही कान गच्च धरून ओरडली, "मामा, बंद करा ना!" पंचावन्नाव्या वर्षी आपल्या कानांचा वरचा मजला रिकामा झालाय हे पोटच्या मुलीच्या तोंडाकडे बघून कळावं, यासारखं दुःख नाही.

रेकॉर्डची बाजू लंगडी आहे, हे मलाही कळतं. तबकडी मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश फेरा घेते (हा तृतीयांश कुणाच्या वाटणीत राहिला होता कोण जाणे), पण बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचं गाणं कमी जागेत कोंबायचं. आमच्या प्लेअरवर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'सखे'ची 'शखे' होते. लहानपणी मला वाटायचं, गायिकेला तिथपर्यंत येताना दम लागत असेल.

गेल्या महिन्यात मेहुणा एकदम मवाळ झाला. म्हणाला, "तुमच्या बाबांची आठवण आहे. पावसाळ्यात बुरशी धरण्याआधी निदान एक तरी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू." मला भरून आलं. मी मखमली ब्रशने भावगीतांची एलपी पुसली, पंखा बंद केला, आणि दुसऱ्या अंतऱ्याला ही चहा घेऊन आली ती नेमकी लादीवर. खट्. पिन दोन ओळी पुढे. मी तिला नको ते बोललो. मेहुणा म्हणाला, "राहू द्या भावोजी, एवढं चालतं." तेव्हाच मला संशय यायला हवा होता, ज्याला रेकॉर्डवरचा एक 'टिक' चालत नाही, त्याला एवढं कसं चाललं?

पुढच्या रविवारी परीक्षा ठेवली. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. पहिल्यांदा त्याच्या डबीतलं गाणं लागलं. स्वच्छ, लख्ख, दवाखान्यासारखं. मी लगेच हात हलवला, "बंद कर. जीव नाही यात." मग तबकडी फिरल्याची घरघर ऐकू आली, पिन टेकल्याची खरखर, आणि तेच गाणं. पंच्याआड माझे डोळे पाणावले. "ही! ही रेकॉर्ड! हा आवाज तुझ्या सोळा बिटांच्या आकड्यांत मावतो का रे? गाणारी बाई समोर बसल्यासारखी वाटते." बोलता बोलता मी वडील, चार आणे, गेलेला काळ असं सगळं फिरून आलो. कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, भारावले.

दुसरा अंतरा आला. गाणं टुणकन उडालं. दोन ओळी पुढे.

"अगं, किती वेळा सांगितलं, लादीवर पाय देऊ नका!"

"अहो," उंबऱ्याच्या पलीकडून आवाज आला, "मी अजून इकडेच उभी आहे. ट्रे घेऊन. गाणं संपायची वाट बघतेय."

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तिलाच काय ते उमगलं. "अय्या, हा माझा मागच्या रविवारचा चहा!"

मेहुणा इतका हसला की सोफ्याची स्प्रिंग वाजली. तबकडी नुसतीच फिरत होती. पिन तिच्या दांडीवर आरामात बसली होती. खरखर, ऊब, वडिलांच्या ओरखड्यांसकट त्याच्या ताईचं पाऊलही डबीत उतरलं होतं.

"मग आता येऊ ना मी?" म्हणत ही आली, ती सरळ लादीवरून. चांगला वजन टाकून पाय दिला. खट् वाजलं, कपाट शहारलं. गाणं आपलं चालूच.

मी पंचा सोडला नाही. चहा तसाच प्यायलो.