‘सरकारी कामात गेलात की वकिली संपली’? मुद्द्यागणिक उत्तर

एलएलबीचे निकाल लागले की एक लांबलचक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. त्याचा आशय असा: नव्या वकिलाने सरकारी कामाला हात लावू नये. सनद (वकिलीचा परवाना) जाते, न्यायाधीश होता येत नाही, वशिल्याशिवाय कुणी उभं करत नाही, पैसा नाही, काम कारकुनी आणि कोर्टात सरकार सांगेल तेच बोलायचं. माझ्याकडे इंटर्नशिप केलेल्या एका हुशार मुलीने हा संदेश वाचून लोक अभिरक्षक कार्यालयासाठीचा (वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मोफत मांडणारं कार्यालय) अर्ज भरायचाच सोडून दिला. म्हणून हे लिहायला बसले.

मुळात या संदेशात सगळ्या पदांची खिचडी केली आहे. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी वकील ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. दंडाधिकारी न्यायालयात सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगामार्फत निवडून येतात आणि कायम सेवेत असतात. विधी अधिकारी खात्याच्या कार्यालयात बसतो. यातलं प्रत्येक पद पहिल्या दिवशी खुलं नसतं. सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता व्हायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८ नुसार ७ वर्षांची वकिली लागते. पण सहायक लोक अभिरक्षकासाठी ० ते ३ वर्षांचा अनुभव चालतो, न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क (संशोधन सहायक) म्हणून नवे पदवीधरच घेतात, लष्कराच्या जॅग या कायदाविषयक शाखेत वयाच्या सत्ताविशीच्या आत जावं लागतं. शिवाय एखाद्या सरकारी वकिलाकडे ज्युनिअर म्हणून उभं राहायला तर जाहिरातही लागत नाही.

आता सनदेचं. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियमावलीतला नियम ४९ खरा आहे. कार्यालयात बसून केवळ अभिप्राय देणाऱ्या विधी अधिकाऱ्याला सनद स्थगित करावी लागते. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, नोकरी सोडल्यावर ती पुन्हा चालू करता येते. आणि जो सरकारतर्फे कोर्टात उभा राहतो त्याचं काय? दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पूर्णवेळ पगारावर असले तरी कोर्टात काम चालवणारे अभियोक्ते वकीलच राहतात. प्रश्न जिल्हा न्यायाधीशपदासाठी लागणाऱ्या ७ वर्षांच्या वकिलीचाच होता. म्हणजे संदेश जे सांगतो त्याच्या बरोबर उलट. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, पण त्यात लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई स्वतः १९९२-९३ मध्ये नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील होते.

वशिल्याचा मुद्दा मी पूर्ण खोडणार नाही. सरकारच्या वकिलांच्या पॅनेलवरच्या नेमणुकांमध्ये राजकारण चालतं, सरकार बदललं की यादी बदलते. २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला या नेमणुका पारदर्शक हव्यात असं बजावावं लागलं, ते उगाच नाही. मात्र ही तक्रार आयोगाच्या परीक्षेला लावणं अन्यायाचं आहे.

पैशांचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारस करावी लागते, यातच खासगी चेंबरमधल्या पहिल्या वर्षांची कथा आली.

कारकुनीच्या आरोपाने मला खरोखर वाईट वाटतं, कारण ज्याला कारकुनी म्हणतात तिथेच वकील घडतो. सरकारविरुद्ध रिट याचिका आली की खात्याकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय येतात आणि सोबत मूळ फाइल. त्यावरून शपथपत्र तयार करायचं. फाइल उघडली की कळतं, निर्णय एका सहीने होत नाही. खालच्या टेबलापासून टिपणी चढत जाते, कुठे एखाद्या अवर सचिवाने आक्षेप नोंदवलेला असतो, पुढे त्याला उत्तर न देताच मंजुरी मिळालेली असते. आदेशात एक कारण आणि अभिप्रायात दुसरंच! खातं म्हणतं, ‘हे नवं कारण शपथपत्रात घाला.’ इथे १९७८ चा मोहिंदरसिंग गिल खटला आठवावा लागतो: आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकायला हवा, मागाहून शपथपत्राने त्याला नवा टेकू देता येत नाही. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर उभ्या अधिकाऱ्याला समजावून सांगणं वेगळं. ज्याने वर्षभर अशा फाइली वाचल्या, तो उद्या नागरिकाच्या बाजूने उभा राहिला तर कोणता कागद मागवायचा हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

मसुदालेखनही याच कारकुनीत मोजलं जातं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी श्रेयाचा मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. अत्यंत गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या आणि स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी क्वचितच कुणाला साधेल, असं ते म्हणाले. मुखर्जी सरकारी सेवेतलेच होते.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात गंभीर आरोप: सरकार सांगेल तेच बोलायचं. अभियोक्ता पोलिसांचा वकील नसतो. १९९५ मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारलाच आदेश दिला की, सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या अमलाखालून काढून स्वतंत्र अभियोग विभागात आणा. त्याच्या आदल्या वर्षी हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात, टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली तपासाची मुदत वाढवून मागण्याच्या संदर्भात न्यायालय म्हणालं की अभियोक्ता हे पोस्ट ऑफिस नव्हे. आज मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली तपासाची ९० दिवसांची मुदत १८० दिवसांपर्यंत न्यायची तर अभियोक्त्याचाच अहवाल लागतो. तपासात काय प्रगती झाली, आरोपीला आणखी कोठडीत ठेवण्याची नेमकी गरज काय, हे त्याने स्वतः तपासून लिहायचं असतं. नुसतं तपास अधिकाऱ्याचं पत्र पुढे सरकवलं तर मुदतवाढ टिकत नाही आणि आरोपी जामिनाला पात्र होतो.

दबाव येत नाही असं मी म्हणत नाही. येतो, आणि पंचविशीतल्या वकिलाला तो झेपणं सोपं नाही. अशा वेळी तोंडी वाद घालत बसू नये. आपला अभिप्राय कारणांसह लेखी द्यावा, तारीख घालावी, पोच घ्यावी. नंतर प्रकरण उलटलं आणि न्यायालयाने मूळ फाइल मागवली, तर तो कागद फाइलमध्ये असतो.