तेरा फेऱ्या खेळून शेवटी तीन मिनिटांचा डाव

नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर काल नाना आणि पक्याचा ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारा बुद्धिबळाचा डाव, चालला होता. नानांचा एक हत्ती जास्त, पण वेळ संपली आणि डाव गेला. सोंगट्या गोळा करता करता नाना म्हणाले, "विक आन झीच्या बुद्धिबळ स्पर्धेत बरोबरी झाली की हाच न्याय लावून विजेता ठरवतात. मला नाही पटत."

झालं! हा विषय आमच्याकडे दर जानेवारीत निघतोच. नेदरलँड्सच्या समुद्रकाठच्या त्या छोट्या गावात तेव्हा टाटा स्टील स्पर्धा भरते. 1938 साली शेजारच्या बेव्हरवाइकला हूगोव्हन्स पोलाद कारखान्याच्या नावाने ती सुरू झाली, 1968 पासून विक आन झीत. मुख्य गटात 14 खेळाडू, 13 फेऱ्या. एकेक डाव पाच-सहा तास सहज चालतो.

नानांचं दुखणं गुकेशचं आहे. 2024 ला वेई यी, गुकेश, अनिश गिरी आणि अब्दुसत्तोरोव असे चौघे साडेआठ गुणांवर. ब्लिट्झ झालं, वेई यी जिंकला. 2025 ला गुकेश विश्वविजेता होऊन आला. पुन्हा साडेआठ, पुन्हा बरोबरीत पहिला, पुन्हा ब्लिट्झ, आणि या वेळी प्रज्ञानंद जिंकला.

"दोन वर्षं, सव्वीस डाव," नाना बोटं मोजत म्हणाले, "एकाही माणसाला त्याच्यापेक्षा जास्त गुण नाहीत. आणि विजेत्यांच्या यादीत नाव शोधून दाखव बरं त्याचं!"

पक्या म्हणाला, "पण नाना, नियम आधीच माहीत असतो ना. शेवटच्या फेरीत दोघंही हरले. गुकेश आपल्याच अर्जुन एरिगैसीकडून, प्रज्ञानंद जर्मनीच्या केमरकडून. अर्धा गुण जास्त काढला असता तर प्रश्नच नव्हता."

"आणि विश्वनाथन आनंद?" नाना म्हणाले. "पाच वेळा जिंकला म्हणतो ना आपण अभिमानाने? त्यातली 1989, 1998 आणि 2006 ही तिन्ही विजेतेपदं वाटून घेतलेली. 98 ला क्रामनिकबरोबर, 2006 ला टोपालोवबरोबर. काय कमी झालं त्याचं?"

पक्याने मग आपल्या घरचाच दाखला काढला. "आपला नाशिकचा विदित गुजराथी 2018 ला तिथला चॅलेंजर्स, म्हणजे खालचा गट जिंकला, म्हणून 2019 ला मुख्य गटात बसला. गोव्याचा लिऑन मेंडोन्सा 2024 ला जिंकला, 2025 ला वर गेला. जागा एकच. तिथे दोघं बरोबरीत आले तर कुणाला पाठवणार? निकाल लावावाच लागतो."

मला वाटतं, सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. मी म्हटलं, "खाली एक खुर्ची भरायची असते, तिथे निकाल हवाच. वर कुठली खुर्ची भरायची आहे? दोघांची नावं लिहिली तर कुणाची जागा जाते?" मी या बाबतीत पूर्ण नानांच्या बाजूने आहे. दोन आठवडे सावकाश विचार करून खेळलेल्या बुद्धिबळाचं माप तीन मिनिटांच्या डावाने घेऊ नये. ब्लिट्झची स्पर्धा वेगळी घ्या, मी रात्रभर जागून बघेन.

नानांनी माझ्यासाठी लगेच कटिंग सांगितला.

पक्या मात्र गप्प बसला नाही. "प्रज्ञानंद ब्लिट्झचा पहिला डाव हरला होता, नाना. त्याआधी केमरसमोर तासन्तास बसून हरलेला. तसाच परत पटावर बसला, दुसरा डाव काढला, मग तिसरा काढला. हे काय बुद्धिबळ नाही?"

नाना थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पांढऱ्या सोंगट्या पक्याकडे सरकवत म्हणाले, "लाव पट. पण घड्याळ नको."

पक्याने घड्याळ पिशवीत टाकलं. सव्वानऊ वाजले तेव्हा सतरावी खेळी चालू होती.