ऑम्नीच्या दिशा आठच

सोसायटीच्या गटांत एक संदेश सतत पुढे ढकलला जातो: "ऑम्नी अँटेना सर्व दिशांना सारखा सिग्नल देतो, तेव्हा राउटर कसाही ठेवा. वरच्या मजल्यावर रेंज नसेल तर जास्त डीबीआयचा अँटेना लावा. एका दिशेच्या अँटेनापेक्षा ऑम्नी केव्हाही चांगला." हे वाचून लोक पैसे घालवतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

"सर्व दिशांना सारखा." घोळ शब्दातच आहे. लॅटिन 'ऑम्निस' म्हणजे सर्व, म्हणून आपण 'सर्वदिश' म्हणतो. मराठी कानाला सर्व दिशा म्हणजे दाही दिशा. त्यांत ऊर्ध्व आणि अधरही आल्या. रेडिओच्या तंत्रात मात्र ऑम्नी म्हणजे आडव्या पातळीत चहूकडे सारखा, म्हणजे आठच दिशा. उभ्या दांडीभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो. दांडी वड्याच्या भोकात उभी, त्यामुळे तिच्या टोकांच्या रेषेत, थेट वर आणि थेट खाली, जवळजवळ काहीच पोचत नाही. दाही दिशांना तंतोतंत सारखा सिग्नल देणारा 'आयसोट्रॉपिक' अँटेना फक्त गणितात असतो. अँटेना एखाद्या दिशेला सिग्नल किती एकवटतो, म्हणजे त्याचा 'गेन' किती, ते डीबीआयमध्ये मोजतात; त्यातला 'आय' या आयसोट्रॉपिकचाच. विमानांना दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर केंद्रांचंच बघा. या यंत्रणेच्या नावातला 'ओ' म्हणजे 'ऑम्नी'च. तरी विमान केंद्राच्या बरोबर डोक्यावर आलं की कॉकपिटमधला काटा भरवशाचा राहत नाही.

"कसाही ठेवा." दांडी आडवी केली की वडाही उभा होतो. मग वर-खाली सिग्नल जातो, पण दांडीच्या टोकांकडच्या खोल्यांत तो कमी पडतो. भिंतींवरून उलटून येणाऱ्या लहरींमुळे अगदी शून्य होत नाही, एवढंच. दोन दांड्या असतील तर एक उभी, एक आडवी ठेवून पाहा. त्याला खर्च नाही.

"जास्त डीबीआय लावा." वरच्या मजल्यासाठी हा सल्ला बहुधा उलटाच पडतो. अँटेना स्वतः शक्ती तयार करत नाही. साध्या अर्ध-तरंग डायपोलचा, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीएवढ्या दांडीच्या अँटेनाचा, गेन २.१५ डीबीआय असतो. ऑम्नीचा गेन वाढवायचा तर वडा दाबून थालीपीठ करावं लागतं: कडा दूर जातात, जाडी घटते. मोकळ्या मैदानात, एकाच पातळीवर लांब पोचायचं असेल तर ते उपयोगी. वरच्या मजल्याला मात्र पूर्वीपेक्षाही कमी मिळू शकतं.

"ऑम्नी केव्हाही चांगला." पुण्यात दूरदर्शनसाठी गच्चीवरचे एका दिशेचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून बसवायचे, कारण प्रक्षेपण तिथून व्हायचं. बाकीच्या दिशांकडून घेण्यासारखं काही नव्हतंच.