विल्यम वायलरला ‘नुसता कारागीर’ म्हणणं मला मान्य नाही

‘रोमन हॉलिडे’ आणि ‘बेन-हर’ हे दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे आहेत हे सांगितलं की सिनेमाचं वेड असलेली माणसंही क्षणभर थबकतात. हिचकॉक सगळ्यांना ठाऊक असतो. जॉन फोर्ड म्हटलं की मॉन्युमेंट व्हॅलीतले उंच कडे डोळ्यांपुढे येतात, बिली वाइल्डर म्हटलं की ते धारदार संवाद. विल्यम वायलर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आणि हा माणूस कोण, तर दिग्दर्शनासाठी ऑस्करची १२ नामांकनं मिळवणारा, जो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यातली ३ ऑस्कर त्याने जिंकली. त्याचे ३ चित्रपट त्या त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले. त्याच्या चित्रपटांत काम करून ३६ वेळा नटनट्यांना नामांकन मिळालं आणि १४ वेळा प्रत्यक्ष ऑस्कर.

तरी त्याची गणना दुसऱ्या फळीत होते. १९६८मध्ये अँड्र्यू सॅरिस या अमेरिकन समीक्षकाने हॉलिवूडच्या दिग्दर्शकांची प्रतवारी लावणारं पुस्तक लिहिलं. त्यात वायलर ज्या गटात गेला त्या गटाच्या नावाचा अर्थ साधारण असा, की वरून दिसतं तेवढंही या लोकांत काही नाही. यामागचा विचार फ्रान्समधून आलेला होता. खरा दिग्दर्शक तो, ज्याची सही प्रत्येक चित्रपटावर ओळखू येते. वायलरने वेस्टर्न केले, कौटुंबिक नाटकं केली, युद्धपट केले, प्रेमकथा केल्या, म्हातारपणी ‘फनी गर्ल’सारखा संगीतपटही केला. मग त्याची सही कुठली? ती नाही, म्हणून तो नुसता कारागीर. इतक्या वर्षांनंतरही हाच शिक्का पुढे चाललाय. ज्यांनी त्याचा एकही जुना चित्रपट पाहिलेला नाही तेही तो बिनदिक्कत मारतात, याचा मला मनापासून राग येतो.

कारण वायलरची सही आहे, आणि ती बोट ठेवून दाखवता येते.

त्याचा जन्म १९०२चा, अल्सासमधल्या मुलूझ गावचा. तेव्हा तो भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे गेला. ज्यू कुटुंब, वडिलांचं कापडचोपडाचं दुकान. युनिव्हर्सल स्टुडिओचा मालक कार्ल लेमली हा आईच्या नात्यातला. लेमलीने आपल्या गणगोतातल्या कितीतरी लोकांना स्टुडिओत चिकटवलं होतं, त्यातलाच हा एक. १९२०मध्ये अमेरिकेत आला, पडेल ते काम केलं आणि १९२५पासून दोन रिळांचे छोटे वेस्टर्न दिग्दर्शित करू लागला. घोडे, पाठलाग, मारामारी, वीसेक मिनिटांत खेळ खलास. असे चित्रपट त्याने भराभर काढले. तेव्हा त्याच्याकडे कुणी कलावंत म्हणून पाहत नव्हतं, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हे तो तिथेच शिकला.

तिसाव्या दशकाच्या मध्यावर तो निर्माता सॅम्युएल गोल्डविनकडे गेला आणि त्याचं खरं काम सुरू झालं. गोल्डविन हेकट, वायलर त्याहून हेकट. दोघांची भांडणं हॉलिवूडभर गाजली. पण १९३६मध्ये ‘डॉड्सवर्थ’ आला. मोटारींचा कारखाना विकून निवृत्त झालेला एक सरळ माणूस आणि वय वाढण्याच्या भीतीने सैरभैर झालेली त्याची बायको, युरोपच्या प्रवासात त्यांचा संसार कसा उसवत जातो त्याची ही गोष्ट. मध्यमवयीन लग्नाबद्दल इतका समंजस चित्रपट त्या काळात दुसरा असेल असं मला वाटत नाही. बायको चुकतेय हे दिसतं, पण वायलर तिला खलनायिका होऊ देत नाही. तिची भीती आपल्याला कळते.

आता त्याच्या कुप्रसिद्ध टेक्सबद्दल. सेटवर त्याला ‘फॉर्टी टेक वायलर’ म्हणायचे. एकेक शॉट वीस वेळा, तीस वेळा, चाळीस वेळा. आणि नेमकं काय चुकतंय ते सांगायचं नाही! फक्त पुन्हा करा. नट रडकुंडीला यायचे. ‘वदरिंग हाइट्स’च्या वेळी इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए रंगभूमीचा तोरा घेऊन आला होता, सिनेमा त्याला हलक्या दर्जाचा वाटायचा. वायलरने त्याला इतकं पिदडलं की शेवटी त्याचा ताठा उतरला. सिनेमाचा आदर करायला मला वायलरने शिकवलं, हे पुढे खुद्द ऑलिव्हिएनेच मान्य केलं. बेटी डेव्हिससारखी कुणाला न जुमानणारी नटी त्याच्याशी कडाकडा भांडली, पण ‘जेझबेल’, ‘द लेटर’, ‘द लिटल फॉक्सेस’ असे तीन चित्रपट तिने त्याच्याकडे केले आणि पहिल्यासाठी ऑस्करही घेतलं.

यात छळ नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. आज कुणी असं वागलं तर ते खपवून घेऊ नये. पण तो कशाची वाट पाहत होता हे पडद्यावर दिसतं. पहिल्या पाच-सात टेकमध्ये नट आपलं ठेवणीतलं काम देतो, घरून ठरवून आणलेलं. ते संपल्यावर जे उरतं ते वायलरला हवं असायचं. ‘द एअरेस’मध्ये ऑलिव्हिया द हॅविलंडला प्रियकराने पळून जायच्या रात्री फसवलं आहे आणि ती बॅग घेऊन जिना चढते, असा प्रसंग आहे. टेकमागून टेक झाले, वायलरचं समाधान होईना. ती इतकी चिडली की तिने बॅग फेकून दिली. तेव्हा वायलरच्या लक्षात आलं की बॅग रिकामी आहे. त्याने ती पुस्तकांनी भरायला लावली. चित्रपटात ती पायऱ्या चढते तेव्हा तिच्या खांद्यांवर जे ओझं दिसतं त्यात अभिनय किती आणि खरं वजन किती, हे वेगळं काढता येत नाही. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं.

पण माझ्या मते त्याची खरी सही ‘द लिटल फॉक्सेस’मधल्या एका प्रसंगात आहे. १९४१चा चित्रपट, लिलियन हेलमनच्या नाटकावरून केलेला. नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालंय. नवऱ्याला हृदयविकार. औषधाची बाटली हातातून पडून फुटते. दुसरी बाटली वर आहे, तो बायकोला ती आणायला सांगतो. बेटी डेव्हिस जागची हलत नाही. तो धडपडत उठतो, तिच्या मागून जिन्याकडे जातो, पायऱ्या चढायचा प्रयत्न करतो आणि कोसळतो. दुसरा कुठलाही दिग्दर्शक असता तर कॅमेरा त्या मरणाऱ्या माणसाकडे गेला असता. वायलरचा कॅमेरा डेव्हिसच्या चेहऱ्यावरून हटत नाही. मागे जिन्यावरचा नवरा धूसर, फोकसबाहेर. आपली नजर त्या धूसर आकृतीकडे ओढली जाते, नीट दिसत नाही म्हणून जीव कासावीस होतो, आणि समोर ती बाई दगडासारखी बसून आहे. ती काही करत नाही. कॅमेराही काही करत नाही. खून होतोय तो या न करण्यातून.

विशेष म्हणजे या चित्रपटाचा छायालेखक होता ग्रेग टोलंड, ज्याने त्याच वर्षी आलेल्या ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये पुढचं-मागचं सगळं लख्ख दाखवणाऱ्या डीप फोकसची कमाल करून दाखवली. त्या नवऱ्याला स्वच्छ दाखवणं टोलंडला सहज शक्य होतं. वायलरला तो धूसर हवा होता. हे नुसत्या कारागिराला सुचत नाही.

मग युद्ध आलं. ‘मिसेस मिनिव्हर’चं काम सुरू झालं तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. चित्रपटात विमान पडून एका इंग्रज घरात घुसलेला जर्मन वैमानिक आहे. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर याला तो सौम्य हवा होता, वायलरला कट्टर नाझी. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मेयरचा विरोध मावळला. चित्रपटाला ऑस्कर मिळालं तेव्हा वायलर हवाई दलात दाखल होऊन इंग्लंडला पोचला होता. तिथे तो बी-१७ बॉम्बर विमानांतून स्वतः मोहिमांवर गेला आणि ‘मेम्फिस बेल’ हा माहितीपट केला. त्याच्या तुकडीतला एक छायालेखक अशाच मोहिमेत विमान पाडलं गेल्यावर मारला गेला. खरं युद्ध पाहिल्यावर वायलरला स्वतःचाच ‘मिसेस मिनिव्हर’ वरवरचा वाटू लागला. १९४५मध्ये इटलीवरून उडताना, विमानाच्या प्रचंड आवाजात, त्याची श्रवणशक्ती गेली. पुढे एका कानाने थोडंफार ऐकू यायला लागलं, तेवढंच. बोलपटाचा दिग्दर्शक, वय ४२, आणि कान गेलेले.

या अवस्थेत त्याने ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ केला. सेटवर कॅमेऱ्याखाली कानाला हेडफोन लावून बसायचा, ध्वनियंत्रणेला जोडलेला, म्हणजे नटांचे संवाद कळतील. युद्धावरून परतलेल्या तिघांची ही गोष्ट. एक बँकेतला अधिकारी, एक बॉम्बर विमानातला अधिकारी, जो युद्धाआधी सोडा फाउंटनवर काम करायचा, आणि एक नौसैनिक होमर, ज्याचे दोन्ही हात गेलेत. होमरच्या कामासाठी वायलरने हॅरल्ड रसेलला घेतलं. तो नट नव्हता. लष्करात प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे दोन्ही हात खरोखर गेले होते आणि तो लोखंडी आकड्यांनी सगळी कामं करायचा. गोल्डविनने त्याला अभिनयाची शिकवणी लावली हे कळल्यावर वायलर संतापला. त्याला रसेल होता तसा हवा होता. त्या एकाच भूमिकेसाठी रसेलला दोन ऑस्कर मिळाली, असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलेलं नाही.

या चित्रपटात बारमधला एक प्रसंग आहे. होमर आपल्या आकड्यांनी काकाबरोबर पियानो वाजवतोय. बँकवाला अल पियानोला टेकून ऐकतोय. आणि पार मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या छोट्या खोलीत बॉम्बरवाला फ्रेड उभा आहे. तो अलच्या मुलीला फोन करून संबंध तोडतोय, अलनेच त्याला तसं सांगितलंय. संवाद ऐकू येत नाहीत. फ्रेडचा क्लोजअप नाही. पुढे पियानोचा आनंद, मागे एका माणसाचं मन मोडतंय, आणि मध्ये अल, जो अधूनमधून मान वळवून तिकडे बघतो. सगळं एका चौकटीत. कुठे बघायचं ते आपण ठरवायचं. टोलंडच्या या पद्धतीमुळे प्रेक्षक मनाप्रमाणे एका पात्रावरून दुसऱ्यावर नजर फिरवतो, आपलं संकलन आपणच करतो, असं वायलरने स्वतः लिहून ठेवलंय. आन्द्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने १९४८मध्ये यावर मोठा लेख लिहिला आणि वायलरच्या या अलिप्त वाटणाऱ्या शैलीला मनापासून दाद दिली. गंमत अशी की पुढे बाझँच्याच मासिकातल्या तरुणांनी वायलरला बाजूला सारलं.

माझं म्हणणं हे आहे. चाळीस टेक घेऊन नटाला न सांगणं आणि क्लोजअप न देऊन प्रेक्षकाला न सांगणं, या दोन्हीमागे एकच स्वभाव आहे. समोरच्याने स्वतः शोधावं, हा आग्रह. दिग्दर्शक दिसत नाही याचा अर्थ तो तिथे नाही असा कसा काढता येईल?

माणूस म्हणूनही तो ताठ कण्याचा होता. १९४७मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमधल्या लोकांची संसदीय समितीपुढे चौकशी सुरू झाली, तेव्हा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आणि पटकथाकार फिलिप डन यांच्यासोबत त्याने विरोधासाठी समिती उभी केली. आजच्या वातावरणात ‘बेस्ट इयर्स’ मला करू दिला गेला नसता, असं त्याने रेडिओवरून जाहीरपणे सांगितलं. ‘बेस्ट इयर्स’ला ७ स्पर्धात्मक ऑस्कर मिळून तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. ‘रोमन हॉलिडे’ची कथा पटकथाकार डाल्टन ट्रंबोची, पण तो काळ्या यादीत, म्हणजे याच संशयावरून काम नाकारलेल्यांत होता, म्हणून पडद्यावर नाव दुसऱ्याचं. त्या कथेचं ऑस्कर ट्रंबोच्या नावाने द्यायला १९९३ उजाडलं, तोवर ट्रंबो गेलेला होता.

‘बेन-हर’ची ११ ऑस्कर सगळ्यांना पाठ असतात. मला तो वायलरच्या सर्वोत्तम कामात बसवता येत नाही. रथांची ती शर्यत थरारक आहेच, पण ती प्रामुख्याने दुय्यम तुकडीचे दिग्दर्शक अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनट यांनी चित्रित केली. आपल्याकडे वायलर माहीत आहे तो याच चित्रपटामुळे, आणि त्याच्याबद्दलचा गैरसमजही बराचसा इथूनच आलाय. भव्यता हा त्याचा प्रांत नव्हता. त्याचा प्रांत म्हणजे घर, जिना, जेवणाचं टेबल, बंद दार.

वायलर अजून पाहिला नसेल तर सुरुवात ‘द एअरेस’पासून करा. मग ‘द लिटल फॉक्सेस’. मग निवांत रात्र काढून ‘बेस्ट इयर्स’, पावणेतीन तासांहून मोठा आहे, तुकड्यातुकड्यांत बघू नका आणि मोबाइलवर तर नकोच, मागच्या कोपऱ्यातला फ्रेड तिथे दिसणारच नाही. ‘डॉड्सवर्थ’ पाहिलेलं कुणी असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. त्या बायकोबद्दल तुम्हाला काय वाटलं हे मला खरंच जाणून घ्यायचंय.