दुर्गम पाड्याला उजेड देण्याची शासनमान्य रीत

आधी सातपुड्यातला एखादा पाडा निवडा. डांबरी रस्ता संपल्यावर आणखी दोन नाले ओलांडावे लागत असतील तर उत्तम, म्हणजे पावसाळ्यात चार महिने तपासणीला कुणी फिरकत नाही. मग प्रस्ताव लिहायला घ्या: दिवसा सौर पॅनल, रात्री गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून वायू काढून त्यावर इंजिन चालवणारा संच. पावसात ऊन नसतं तेव्हा लाकूड आहे, उन्हाळ्यात लाकूड वाचवायला ऊन आहे. मंजुरी देणाऱ्यांना हे फार आवडतं. हे खरंही आहे, म्हणून जरा जपून राहा. नीट बांधलंत तर प्रकल्प चालून बसेल.

इंधनखर्चाच्या रकान्यात शून्य लिहा. जंगल शेजारीच आहे, लाकूड फुकट! 10 किलोवॅटचं इंजिन पूर्ण भारावर चार तास चालवलं की 40 युनिट. युनिटमागे साधारण सव्वा ते दीड किलो सुकं लाकूड, म्हणजे रोजचं 50-60 किलो. ते तोडायचं, आणायचं, चार बोटांएवढे तुकडे करायचे. हे कोण करणार, असा प्रश्न बैठकीत काढू नका. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बायका त्या पाड्यात आधीपासून आहेत. त्यांची मजुरी आजवर कुणी धरली नाही, तुम्हीच का धरता? उलट त्यांच्या नावावर 'महिला सहभाग' असा एक परिच्छेद लिहून होतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेड बांधू नका. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं आणि गॅसिफायरला ते 20 टक्क्यांच्या आत लागतं. उन्हाळ्यात तोडून, फोडून, छपराखाली रचून ठेवलेलं लाकूड असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र बिनतक्रार चालतं. म्हणून पत्र्याच्या शेडचा खर्च 'अनावश्यक बांधकाम' म्हणून पहिल्याच फेरीत कापायचा. पावसाळा लागला की पॅनलला ऊन नाही, गॅसिफायरला सुकं लाकूड नाही. दोन्ही स्रोत एकाच आठवड्यात बंद. दोन निविदा, दोन ठेकेदार आणि उद्घाटनाच्या दोन फिती खर्ची घालून साधलेला हा समन्वय आहे, कौतुक करा.

दोन्ही यंत्रांची गाठही पडू देऊ नका. गॅसिफायर मुळात साधा आहे. हवा कमी देऊन लाकूड जाळायचं, कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोजन मिसळलेला वायू निघतो, तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. भार कमी असला की आतली धग उतरते आणि डांबरासारखा चिकटा सुटतो. तो आधी फिल्टरमध्ये बसतो, मग व्हॉल्व्हवर. पाड्यात 40 घरं, घरटी दोन बल्ब. एक किलोवॅटही होत नाही. त्यासाठी 10 किलोवॅटचं इंजिन रात्रभर रखडवा. कुणी शहाणा सुचवेल की इंजिन दोन तास पूर्ण भारावर चालवून सौर संचाच्याच बॅटऱ्या भराव्यात, आणि संध्याकाळी पिठाची गिरणी जोडावी. त्याला सांगा, बॅटऱ्यांचा खर्च दुसऱ्या लेखाशीर्षात आहे.

पूर्वानुभव म्हणून केंद्राचा 2004-05 मध्ये सुरू झालेला ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रम अभ्यासा. दुर्गम गावांत गॅसिफायर, सुधारित चुली, सरपणाची लागवड, ग्राम ऊर्जा समिती, सगळं होतं. भांडवली खर्चाचे 90 टक्के अनुदानातून. यंत्राला अनुदान मिळालं, ते रोज चालवणाऱ्या पोराच्या पगाराचं मात्र समितीने बघायचं होतं. बरेच संच बंद पडले आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत कार्यक्रम पुढे चालवला गेला नाही.

काही वाईट उदाहरणंही आहेत, ती दाखवायची वेळ येऊ देऊ नका. कर्नाटकातल्या होसहळ्ळीत भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये गॅसिफायर बसवला. दिव्यांबरोबर पिण्याचं पाणी चढवलं, गिरणी चालवली, लाकडासाठी झाडं लावली. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर 1997 मध्ये 500 किलोवॅटचा संच आला, त्याची वीज बाजारातल्या दुकानांनाही जाई. बिहारमध्ये 2007 पासून एका कंपनीने भाताच्या तुसावर गावोगाव वीज विकली आणि पुढे त्याच तारांवर सौर वीजही जोडली. तूस गिरणीतूनच सुकं आणि बारीक येतं, फोडायची कटकट नाही. अशी उदाहरणं वाचून गावकरी भलतेच प्रश्न विचारायला लागतात.

पुढे कधीतरी महावितरणचा खांब येईल. घरोघरी वीजजोडणी देणाऱ्या 2017 च्या सौभाग्य योजनेनंतर खांब बऱ्याच आडवळणांपर्यंत गेले आहेत. पहिल्या वादळात तार तुटेल, आठवडाभर अंधार होईल, आणि समितीचा सचिव फोन करून विचारेल, "साहेब, तो जुना संच चालू करून बघू का?" करू देऊ नका. तुमचा प्रकल्प कागदावर पूर्ण झालाय आणि पूर्ण झालेल्या प्रकल्पाला दुरुस्तीचा निधी नसतो. त्यापेक्षा त्याच पाड्यासाठी नवा प्रस्ताव टाका, यंदा 'कार्बन क्रेडिट' हा शब्द चालतोय. पाड्याच्या नावात फक्त एखादी वेलांटी बदला, नाहीतर संगणक जुनी फाइल उघडतो.