जीआय पाइपची मिडपाइप? दाजींना आलेल्या व्हिडिओला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला दाजींनी एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मेहुणे, हे तर तुम्ही एका दिवसात कराल." दाजींनी सेकंड हँड मस्टँग जीटी घेतली आहे, पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनची. स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं आणि मिडपाइप, म्हणजे इंजिनकडून येणारे पाइप आणि मागचे सायलेन्सर यांच्यामधला भाग, जोडाशी फाटला. नवा पार्ट महाग आणि यायला उशीर. नेमका अशा वेळी हा व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपमधल्या तिघांनी तो मला वेगवेगळा पाठवला, म्हणून आता एकदाच लिहितो.

व्हिडिओतला माणूस सांगतो ते थोडक्यात असं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे पाइपमधली धूर स्वच्छ करणारी डबी, हा कंपन्यांनी पार्ट खपवायला घातलेला बूच आहे, तो काढा, पन्नास हॉर्सपॉवर वाढेल आणि मायलेजही. पाइप जितका मोठा तितकी ताकद जास्त. स्टेनलेसवर पैसे घालवू नका, हार्डवेअरच्या दुकानातला जीआय पाइप घ्या, लोखंड ते लोखंडच. फ्लेक्स, म्हणजे पाइपमधला लवचीक तुकडा, घालू नका, तो फुटतो. आणि पीयूसी पास झालं म्हणजे सगळं कायदेशीर.

मी कोल्हापुरात डेअरीच्या स्टेनलेस पाइपलाइनी जोडतो. टिग वेल्डिंग हेच माझं पोट. म्हणून जीआयपासूनच सुरुवात करतो, कारण त्या एका वाक्याने माणूस आजारी पडू शकतो आणि मरूही शकतो.

जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या घरात जावं लागतं. म्हणजे तुम्ही वेल्डिंगचा टाका मारताच जोडाजवळचं जस्त उकळून हवेत जातं. तो पांढरा दाट धूर म्हणजे झिंक ऑक्साइड. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजते, ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. आमच्याकडे त्याला 'गॅस चढला' म्हणतात आणि दूध-गूळ देतात. दुधाने फुप्फुसातलं जस्त निघत नाही. मी डेअरीत काम करतो, दूध कमी पडतं म्हणून हे बोलत नाही. थर दोन्ही बाजूंना असतो, त्यामुळे बाहेरून ग्राइंडर फिरवला तरी आतला तसाच राहतो. व्हिडिओतला पोरगा तोंडाला रुमालसुद्धा न बांधता गाडीखाली आडवा पडून वेल्डिंग करतोय. धूर सरळ त्याच्या तोंडावर येतोय. हे पाहून मी व्हिडिओ तिथंच थांबवला, पुढचा दुसऱ्या दिवशी पाहिला.

वेल्डिंगवर हे संपत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप सतत २०० अंशांपर्यंतच वापरावा असा सर्वसाधारण नियम आहे. गाडी जोरात हाणली की मिडपाइपमधला वायू ५०० अंशांच्या वर सहज जातो. थर पापुद्रे धरून सुटतो आणि खाली राहतो साधा पाइप, जो पावसाळ्यात गंजणार. त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाने जीआय पाइप स्टेनलेसच्या फ्लँजला, म्हणजे बोल्ट लावायच्या चकतीला, जोडलाय. वेल्डिंगच्या उष्णतेत पातळ झालेलं जस्त ३०४ या जातीच्या स्टेनलेसच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतं आणि धातू ठिसूळ करतं. केसासारखी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण वायूला पुरते.

हा पाइप कुठून जातो? सीटच्या खालून. आता व्हिडिओतलं पहिलं वाक्य घ्या: कॅट काढा. इंजिनमधून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. कॅटमधली जाळी, तिच्यावरचं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, हा वायू जाळून कार्बन डायऑक्साइड करते. ती जाळी काढायची, ठिसूळ जोडाचा पाइप सीटखालून न्यायचा, काचा वर करून एसी लावायचा आणि मागच्या सीटवर माझी भाची झोपणार. दाजी, हे मी तुम्हाला फोनवर रागाने बोललो, त्याबद्दल माफी. पण म्हणणं तेच आहे.

कॅट हा कंपन्यांचा डाव, हे तर उघड खोटं. कंपन्यांनी तो हौसेने बसवला नाही, कायद्याने बसवायला लावला. अमेरिकेत १९७० च्या क्लीन एअर ॲक्टमुळे १९७५ च्या मॉडेलांपासून तो सर्रास आला. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाने जाळी निकामी होते.

मायलेजचं गणित सोपं आहे. पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनचा कॉम्प्युटर कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरवरून ठरवतो. नेहमीच्या चालवण्यात तो एका भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतो. पुढं कॅट असो वा नसो, हे प्रमाण तेच राहतं. मागचा सेन्सर मुख्यतः कॅट काम करतोय का हे बघतो. कॅट नसेल तर दिवा लागतो, कोड येतो पी-०४२०. त्यावर व्हिडिओचा उपाय म्हणजे सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून दूर ठेवणारा तुकडा, घालून त्याला फसवा. उलट पुढच्या सेन्सरच्या आधी एखादा जोड गळका राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. मायलेज वाढायचं राहिलं, घटतं.

पन्नास हॉर्सपॉवर? टर्बो नसलेल्या इंजिनला नुसता पाइप बदलून पन्नास मिळत नाहीत.

आता एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मन होत नसलं तरी. मिडपाइपच्या रचनेने फरक पडतो, हे खरं आहे. या व्ही-एटमध्ये प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण एका बाजूच्या धुराचे धक्के समान अंतराने येत नाहीत. इंजिनचा दांडा कधी ९० अंश फिरल्यावर, कधी १८०, कधी २७०. म्हणून दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एच किंवा एक्सच्या आकारात जोडतात. एका बाजूला गर्दी झाली की वायूला दुसरीकडे वाट मिळते. आवाजही त्यामुळेच बदलतो. हे जोडकाम नीट झालं, बेंड मँड्रेलवर काढलेले असले, म्हणजे वळणावर पाइप चेपला नाही, तर थोडी ताकद वाढते. थोडी. आणि "बॅकप्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) पाहिजेच" म्हणणाऱ्यांना व्हिडिओवाला चूक म्हणतो, तिथंही तो अर्धा बरोबर आहे. बॅकप्रेशर कुणालाच नको असतं. पण वायूचा वेग हवा असतो. अडीच इंचाऐवजी तीन इंची पाइप घातला तर आतली जागा ४४ टक्क्यांनी वाढते, वेग त्या प्रमाणात पडतो, आणि कमी आरपीएमला, म्हणजे गावात रोज चालवताना, गाडी मंद वाटू शकते. "जितका मोठा तितका चांगला" हे इथंच फसतं.

फ्लेक्सबद्दल एकच आकडा देतो. दोन मीटरचा ३०४ स्टेनलेसचा पाइप ४०० अंशांनी तापला की तेरा-चौदा मिलिमीटर लांबतो. वर इंजिन रबरी माउंटवर डुलत असतं. ही हालचाल घ्यायला फ्लेक्स किंवा सरकता जोड नसेल तर ती टाक्यावर येते, आणि टाका तडकतो.

कायद्याचं तर दाजींना मी पानच उघडून दाखवलं. मोटार वाहन कायदा, २०१९ ची दुरुस्ती. कलम १८२-अ(४): परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कलम १९०(२): आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स रद्द. पीयूसीचा कागद यातून वाचवत नाही. पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीवर होते आणि तीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची आणि ट्रेलरवरून न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. दाजी त्यातून ताईला माहेरी आणतात.

मी काय करणार ते सांगतो. मूळ मापाचाच पाइप, ३०४, दीड मिलिमीटर जाडीचा, मूळ जागीच एच, मूळ रेझोनेटर (आवाज मऊ करणारा डबा) तोच, कॅटला हात नाही. आधी गाडीवर नुसते टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मग खाली काढून पूर्ण वेल्डिंग, पाइपच्या आतून आर्गॉन वायू सोडून. आर्गॉन नसेल तर टाक्याची आतली बाजू साखरेसारखी दाणेदार काळी पडते आणि तिथूनच चीर सुरू होते. डेअरीत असा जोड मी कापून टाकतो. शेवटी एक टोक बंद करून दुसऱ्यातून ब्लोअरची हवा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. एकही बुडबुडा दिसला तर परत टेबलावर.

याला एक नाही, तीन दिवस लागतील. दाजी, तोवर गाडी बाहेर काढू नका. तुमचा जुना जोड अजून फाटलेलाच आहे.