मॉनिटर बोलतोय? मग ऐकू नका!

जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि मॉनिटरवर नुसतं 'नो सिग्नल' तरंगताना दिसलं, तर मुळीच घाबरू नका. फक्त वाकून मागची वायर तेवढी पाहू नका, हार्डवेअरवाल्यांच्या पोटावर पाय येतो.

सुरुवात थापेनं करावी. आधी मॉनिटरच्या डोक्यावर, मग कुशीत. थाप बसताच चित्र क्षणभर झळकलं, तर एखादा शंकेखोर माणूस म्हणेल की वायर सैल आहे. तुम्ही मात्र आपल्या हाताला गुण आहे असं समजा आणि रोज सकाळी एक डोस चालू ठेवा.

चित्र येतंय पण सगळं पिवळंधमक? उत्तम. त्या निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरीत, म्हणजे १९८७ साली आयबीएमनं आणलेल्या त्याच जोडणीत, पंधरा पिनांची जागा असते. पहिली लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. निळ्याची पिन वाकली की उरलेल्या लाल-हिरव्याचं पिवळं होतं. हिरव्याची गेली तर पडदा जांभळट-गुलाबी, लालची गेली तर आकाशी. थोडक्यात, कुठं दुखतंय ते बिचारा स्वतःच रंगानं सांगत असतो. इतकं सरळ बोलणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही. 'ड्रायव्हर उडालाय' असं ठणकावून सांगा, विरोध होत नाही. अगदीच कुणी वायर काढून दाखवली, तर नवव्या पिनेची रिकामी जागा शोधून तिच्यावर हळहळा. ती पुष्कळ वायरींत मुळातच नसते, पण हळहळायला काय जातंय?

सीपीयूच्या डब्यातून एक लांब आणि दोन आखूड 'बीप' ऐकू आले तर शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह समजा. बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर ही डिस्प्ले कार्डाची तक्रार असते, पण तक्रारी ऐकत बसलो तर संसार कसे व्हायचे? आणि कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, रॅमच्या, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीच्या, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसायच्या आणि ती दोन्ही बाजूंनी 'टक्' होईपर्यंत दाबून बसवायची, हे तर पोरखेळच. त्यानं पुष्कळदा चित्र परत येतं, म्हणून घरातलं खोडरबर आधी लपवा.

चिरंजीवांनी की-बोर्डवर काहीतरी दाबलं आणि अख्खा डेस्कटॉप उलटा झाला, तर मॉनिटर उलटा ठेवा. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सवर कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण एकत्र दाबला की तो सरळ होतो म्हणतात. पण मग मॉनिटरखाली घातलेल्या उशीचं काय करणार?

(जुना डबा मॉनिटर असेल तर त्याचं मागचं झाकण मात्र खरंच उघडू नका. नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही काही काळ दबा धरून बसतात. एवढी एकच ओळ गंभीरपणे वाचा.)

आता हार्डवेअरवाल्या पोराला फोन. त्याला 'कॉम्प्युटर चालत नाही' एवढंच सांगायचं. रंग, बीप, थाप यांतलं अवाक्षरही नको, नाहीतर तो फोनवरच दुरुस्त करून टाकेल. 'उद्या येतो' म्हणेल, म्हणजे रविवारी येईल. आल्यावर नुसता सीपीयू उचलून दुकानात नेईल. मॉनिटर आणि वायर घरीच राहतील. दुकानात तो आपल्या मॉनिटरला, आपल्या वायरीनं जोडेल, चित्र झक्क येईल, आणि आता आणलाच आहे तर फॉरमॅट मारेल. मुंजीचे फोटो सी ड्राइव्हमध्येच होते ना? उत्तम, जुन्या आठवणींनीच मशीन स्लो होतं.

परत आणून तुमच्या वायरीला जोडल्यावर पडदा पुन्हा काळा. 'दुकानात तर मस्त चालत होता, काका,' तो म्हणेल. 'तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.' मान डोलवा, त्याचे पैसे द्या आणि स्टॅबिलायझर घ्या. मोठाच घ्या, म्हणजे टेबलाखाली ठेवल्यावर मागची वायर अजिबात दिसणार नाही.